देवळामागचा हौद: निर्माल्य आणि पत्रावळ्यांच्या खताच्या नोंदी

२८ जुलै २०२४, रविवार

आज शेवटी खताच्या हौदाची जागा ठरली. आमचं महादेवाचं देऊळ वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावरच आहे आणि इतकी वर्षं सगळं निर्माल्य पिशवीत भरून पुलावरून नदीत जातंय, श्रावणात तर पुलाच्या खांबाला हारांचे गठ्ठे अडकलेले दिसतात, आणि भंडाऱ्याच्या पत्रावळ्या देवळामागे पेटवतात त्याचा धूर दोन दिवस वाड्या-वस्तीत. यंदा श्रावण सोमवारीच सुरू होतोय आणि सोमवारीच संपतोय, म्हणजे पाच सोमवार. म्हणून आत्ताच हात घातला.

जागा म्हणजे देवळाच्या उत्तरेला, पन्हळीच्या (अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती) पलीकडे, पडीक कोपरा. तिथून कुणाची ये-जा नाही. हे महत्त्वाचं, कारण गुरवकाकांची पहिली अट तीच होती, निर्माल्य पायदळी येता कामा नये आणि कुणी ओलांडताही कामा नये. महादेवाची प्रदक्षिणाच आपण अर्धी घालतो, पन्हळ ओलांडत नाही, तर त्याच देवाचं निर्माल्य ओलांडायचं कसं? मला हे पटलं. काम करायचं तर त्यांच्या देवळाच्या रीतीतच करायचं हे आम्ही पाच-सहा जणांनी आधीच ठरवलंय.

३१ जुलै

नाडेप हौद बांधायचं ठरलं. ही आपल्या महाराष्ट्रातलीच पद्धत, यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच नाडेप. मूळ माप १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, भिंती जाळीदार म्हणजे मध्ये मध्ये विटांची भोकं सोडायची म्हणजे चारी बाजूंनी हवा खेळते आणि ढीग उलटापालट करायची गरज पडत नाही. आपल्याला एवढा मोठा भरणार नाही, म्हणून ६ बाय ४ बाय ३. एकूण माल मूळ हौदाच्या ४० टक्के. त्या हिशोबाने काडीकचरा साधारण ५५० ते ६०० किलो, शेण ४० किलो, चाळलेली माती ७०० किलो. मातीचा आकडा बघून सगळे दचकले पण नाडेपमध्ये माती लागतेच, जवळजवळ काडीकचऱ्याहून जास्त, तिच्यामुळेच ओल टिकते आणि नत्र (नायट्रोजन) उडून जात नाही.

जुन्या धर्मशाळेच्या पाडलेल्या भिंतीच्या विटा आहेत. गवंडीदादांनी मजुरी घेतली नाही, फक्त म्हणाले भोकं का सोडताय ते एकदा नीट सांगा, आयुष्यभर भोकं बुजवायचंच काम केलंय.

५ ऑगस्ट, पहिला सोमवार

पहाटे साडेचारपासून रांग. दुपारी तीनला गाभारा झाडून निघालं ते तोललं, ५१ किलो. निवडल्यावर उरलं ३८. म्हणजे १३ किलो असं होतं जे मातीत जाऊच शकत नाही आणि ते सगळं आजवर नदीत जात होतं.

काय काय निघालं ते लिहून ठेवतो कारण पुढे लोकांना दाखवायला लागेल: प्लॅस्टिकच्या पिशव्या (बहुतेक जण पिशवीसकट वाहतात), नायलॉनचा दोरा, हारातली चमकी, थर्माकोलचे मणी, अगरबत्तीचे पुडे, कापराची वेष्टणं, दुधाच्या पिशव्या, आणि नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या. शेंडी-करवंटी कुजते पण आपल्या मुदतीत नाही, ती वेगळी ठेवली, गुरवकाकांच्या बंबाला होईल.

दोरा हा खरा वैरी आहे. पूर्वी हार केळीच्या सोपटात नाहीतर सुती दोऱ्यात ओवायचे, आता सगळा नायलॉन. एकेक हार हातात धरून दोरा एका टोकाने ओढून काढायचा, झेंडू ताजा असेल तर सर्रकन निघतो, कोमेजला की फुलं तुटून दोऱ्यालाच चिकटतात. म्हणजे निवडणं त्याच दिवशी व्हायला पाहिजे. सहा बायका आणि आम्ही तिघं, अडीच तास लागले. चपला काढून, सतरंजीवर बसून. सतरंजीची कल्पना मावशींची, फुलं जमिनीवर नको म्हणून.

८ ऑगस्ट

एक घोळ लक्षात आला जो आधी यायला हवा होता. नाडेप हौद एका दमात भरायचा असतो, एक नाहीतर फार तर दोन दिवसांत, मग शेणमातीने लिंपून बंद. आणि आपलं निर्माल्य येतं रोज चार-पाच किलो आणि सोमवारी एकदम ढीग. रोज थोडं थोडं हौदात टाकलं तर खालचं कुजून वरचं ताजं, आणि बंद कधी करणार?

तोड अशी काढली की हौदाशेजारी तारेच्या जाळीचा गोल पिंजरा केलाय, साडेतीन फूट व्यास, चार फूट उंच. रोजचं निर्माल्य त्यात, प्रत्येक थरावर उसाचं पाचट. श्रावण संपला की भंडाऱ्याच्या पत्रावळ्यांसकट सगळं एकदम हौदात. पाचट इथे फुकट मिळतं, शेतकरी जाळतातच, दोन बैलगाड्या आणून टाकल्यात.

पाचट का, तर फुलं म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यात नत्र भरपूर आणि कर्ब (कार्बन) कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्राला २५-३० भाग कर्ब लागतो, तो वाळलेल्या पानात, पाचटात, भुश्श्यात असतो. नुसती फुलं रचली की दोन दिवसांत लगदा होतो, हवा बंद आणि वास सुरू.

१३ ऑगस्ट

काल ४६ किलो (निवडून). पण वास सुरू झालाय. रात्रभर पाऊस लागला आणि पिंजऱ्यावर झाकण नव्हतं, खालचा थर अक्षरशः चिखल, नासक्या अंड्यासारखा वास. सकाळी दर्शनाला आलेल्या एका काकांनी गुरवकाकांना सगळ्यांसमोर सुनावलं की देवाची फुलं सडवताय. गुरवकाका काही बोलले नाहीत पण चेहरा उतरला होता. त्यांनी आमच्यावर भरवसा ठेवून परवानगी दिलीय, त्यांना असं ऐकावं लागलं याचं मला दिवसभर वाईट वाटत होतं.

दुपारी सगळा पिंजरा उघडला. फावड्याने ताडपत्रीवर पसरलं, ओल्याच्या निम्मं पाचट कोयत्याने तोडून मिसळलं, दोन बादल्या शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) आणि एक तांब्या आंबट ताक गुळाच्या पाण्यात घालून शिंपडलं, परत रचलं आणि वर पत्रा. ओल मोजायची साधी रीत: मूठभर घेऊन घट्ट पिळायचं, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर सुटून गेलं तर कमी. आज आधी धार लागली होती.

१६ ऑगस्ट

वास गेला!! तीन दिवसांत. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. शाळेतल्या सरांनी प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला, आत ५८ अंश. ५५ च्या वर तीन-चार दिवस राहिलं की तणाचं बी, रोगाचे जंतू बहुतेक मरतात. ज्या काकांनी सुनावलं होतं त्यांना मुद्दाम बोलावून वाफ दाखवली, ते बराच वेळ हात वर धरून उभे होते.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा आणि सोमवार एकत्र. ६१ किलो, बेलच बेल, कुणीतरी लक्ष वाहिला होता. बेलाचं पान चिवट, वरून मेणचट, झेंडू आठ दिवसांत ओळखू येत नाही पण पहिल्या सोमवारचा बेल अजून तिन्ही पानं शाबूत. त्याला वेळ द्यावा लागणार.

अभिषेकाच्या दुधाचं वेगळं केलंय. पंचामृत लागलेली फुलं पिंजऱ्यात गेली की मुंग्या, माश्या आणि आंबट वास, त्यामुळे ती आधी पाण्यातून काढतो. ते पाणी पन्हळीच्या शोषखड्ड्यात.

रुईच्या माळा (मारुतीच्या, शनिवारी) आणि कण्हेर यांचं एकाने विचारलं, विषारी झाडं आहेत म्हणून. कुजण्यात तो अंश जातो, तरी हे खत आम्ही फुलझाडांना आणि देवळाच्या झाडांनाच घालणार, भाजीला नाही. गुलालाचंही तेच कारण, बाजारातल्या रंगात काय असतं ते आपल्याला दिसत नाही. शिवाय गुलाल-कुंकवाने लडबडलेली फुलं वेगळ्या टोपलीत काढतोच.

२७ ऑगस्ट

आज काम थोडं, बोलणं जास्त, आणि आजचं बोलणंच सगळ्यात महत्त्वाचं होतं म्हणून सविस्तर लिहितोय.

पुढच्या सोमवारी भंडारा. मी गुरवकाकांना सांगत होतो की जेवणावळीच्या पत्रावळ्या निर्माल्यासोबत हौदात घालायच्या, तेवढ्यात आत बसलेल्या गुरवआजी (काकांच्या आई, ऐंशीच्या पुढे) बाहेर आल्या. म्हणाल्या, "उष्टं आणि देवाचं निर्माल्य एका जागी? असं कुठं असतं का रे बाळा?"

मी अडकलो. कारण शास्त्र सांगायचं तर दोन्हीला एकमेकांची गरज आहे, नुसतं निर्माल्य फार ओलं, नुसत्या पत्रावळ्या फार कोरड्या, वर्षभर तशाच राहतील. दोन हौद केले तर दोन्ही बिघडणार. पण आजींचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या घरी अजून उष्ट्या हाताने देवघराच्या उंबऱ्याला शिवत नाहीत. मी काहीतरी सगळं मातीच होतं शेवटी असं बोललो, त्या म्हणाल्या होतं ते शेवटी, आत्ता ते उष्टं आहे.

मग बोलता बोलता विषय पत्रावळीवर आला आणि आजी खुलल्या. गुरवाच्या बलुत्यात देवाची पूजा, बेल-फूल आणि गावाला पत्रावळी-द्रोण पुरवणं हे काम. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांबरोबर पळसाची पानं आणायला जायच्या, गावात लग्न म्हटलं की घरात पानांच्या चळती. पान पुसायचं, मोठं पान मध्ये, बाकीची कडेने, आणि काडीने टाचायचं, उलट बाजूने टोक वर येता कामा नये नाहीतर जेवणाऱ्याच्या बोटाला लागतं. पंगत उठली की काय करायचो माहितीय का, म्हणाल्या, उष्टी काढायची आणि शेणगोळा फिरवायचा. जमीन शुद्ध झाली, दुसरी पंगत बसली.

हे बोलून त्या स्वतःच थांबल्या. मग विचारलं, तुम्ही त्या हौदात शेण घालता ना? मी म्हणलं घालतो, पत्रावळ्या तर आधी शेणकाल्यात भिजवूनच घालाव्या लागतात, नाहीतर कुजतच नाहीत. "मग आधी अन्न सगळं झटकून काढा, पाण्यातून काढा, शेणात बुडवा आणि मग घाला. अन् त्या खतातलं तुळशीला घालायचं नाही."

ठरलं. शेणकाल्यात रात्रभर भिजवणं ही आमच्या यादीतली एक ओळ होती, कर्ब-नत्राचा हिशोब म्हणून लिहिलेली. त्यांनी तिला शेणगोळ्याशी जोडलं आणि आमच्या दोन्ही बाजूंचं काम झालं. तुळशीसाठी पिंजऱ्यातलं तळाचं नुसतं निर्माल्याचं खत दोन पोती वेगळं ठेवायचं, हेही आजच वहीत लिहून टाकलं.

२ सप्टेंबर, पाचवा सोमवार, पोळा, भंडारा

मसालेभात, आमटी, लापशी. अंदाजे अकराशे पानं उठली. निर्माल्य ७० किलो.

आणि पत्रावळ्यांचा घात. आम्ही पळसाच्या पानांच्याच सांगितल्या होत्या, तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराने निम्म्या तशा दिल्या आणि निम्म्यांना वरून पान आणि खाली पुठ्ठा, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. वरून बघितलं तर कळतच नाही. शिवाय द्रोण सगळे चंदेरी. थर्माकोलची ताटं-वाट्या महाराष्ट्रात २०१८ पासून बंद झाल्या तेव्हा वाटलं होतं सुटलो, पण हे त्याच्यापेक्षा फसवं कारण थर्माकोल निदान दिसतो तरी. ओळखायची युक्ती: तुकडा गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा आणि कडेला नखाने सोलायचा, पापुद्रा असेल तर सरळ निघून येतो. पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी.

रात्री अकरापर्यंत निवडत होतो. पोरांनी फार काम केलं. चांगल्या पत्रावळ्या साडेपाचशेच्या आसपास, झटकून, धुऊन, शेणकाल्याच्या दोन पिंपांत बुडवून ठेवल्यात. उरलेलं अन्न हौदात नाही, मीठ आणि तेलाने गांडुळं येत नाहीत आणि उंदीर मात्र येतात. ताटाबाहेरचं उरलेलं स्वच्छ अन्न गोठ्यांवर वाटलं.

३ आणि ४ सप्टेंबर

हौद भरला. दोन दिवस आठ माणसं. आधी भिंती आणि तळ शेणाच्या पाण्याने ओले केले, तळाला तुरकाठ्या (हवेसाठी), मग थर: सहा इंच पाचट + पिंजऱ्यातलं अर्धकच्चं निर्माल्य + कोयत्याने तुकडे केलेल्या पत्रावळ्या, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, पाणी शिंपडून पुढचा थर. पत्रावळीचे तुकडे करणं गरजेचं, अख्खी ठेवली की एकावर एक चिकटून ताटांची चळत होते आणि मध्ये पाणीही जात नाही हवाही.

थर दाबायचा असतो आणि सगळीकडे पायाने तुडवतात. इथे ते चालणार नव्हतंच. गवंडीदादांनी घरून धुमस आणली, जमीन चोपायची, आणि बाहेर उभं राहून तिनेच दाबलं. पायाने दाबतो त्याच्यापेक्षा सारखं दाबलं गेलं हे मुद्दाम नोंदवतोय.

वर झोपडीसारखा उंचवटा करून तीन इंच शेणमातीने लिंपलं. लिंपण गुरवआजींच्या सुनेने केलं, एकही भेग नाही.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. पुण्यात घाटांवर निर्माल्य कलश असतात तसे आम्ही दोन पिंपं पुलाच्या दोन्ही टोकांना ठेवली, शेजारी दोन पोरं उभी. पाटी लावून भागत नाही, माणूस पाहिजे जो हात पुढे करून पिशवी घेईल. दूर्वा, शमी, केवडा, पत्री, १४० किलो जमलं. पिंजऱ्यात आता हेच.

हौद नऊ इंच खाली बसला. ठरल्याप्रमाणे वर परत थर भरले, परत लिंपलं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. झेंडू आणि आपट्याची पानं खूप. दोरा सुती असलेले हार पहिल्यांदाच दिसले, देवळासमोरच्या फुलवाल्या ताईंनी स्वतःहून बदल केला, म्हणाल्या सोमवारी तुम्ही बसता तिथे माझेच हार तुमच्या हातात दिसतात. आम्ही त्यांना सुती दोऱ्याची रिळं देणगीतून देतोय.

लिंपणाला दोन भेगा, बुजवल्या. भोकांतून पाणी शिंपडलं.

१७ नोव्हेंबर

पळसाची पानं आणली. शिवरात्र २६ फेब्रुवारीला आहे आणि तोपर्यंत पळस पानं झाडून फुलायला लागलेला असतो, म्हणजे पानं आत्ताच गोळा करून, टाचून, वाळवून ठेवायला हवीत. दुकानदाराच्या भरवशावर परत राहायचं नाही. आजी ओसरीत बसून शिकवतायत, सात बायका आणि तीन पोरं शिकतायत. माझी पहिली पत्रावळी आजींनी उलटी करून बोट फिरवलं आणि दोन काड्या काढून परत दिली. दिवसभरात ११० झाल्या. पत्रावळीला ५ रुपये मजुरी ठरवलीय, फुकट काम करून घ्यायचं नाही.

८ डिसेंबर, रविवार

हौद उघडला. भरून ९५ दिवस.

वरचे चार इंच अजून कच्चे, त्याखाली काळसर तपकिरी, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसानंतर शेतात येतो तो. मी मूठ भरून आजींच्या समोर नेली, त्यांनी वास घेतला आणि हात न झटकता तसाच पदराला पुसला.

चाळून ८२० किलो (यात निम्म्याहून जास्त मातीच आहे हे धरून चालायचं). चाळणीवर उरलं ते बेलाचे देठ, पत्रावळीच्या टाचणीच्या काड्या, पाचटाचे पेर, आणि निवडताना सुटलेला नायलॉनचा दोरा, बशीभर. पळसाच्या पानाचा एकही ओळखू येईल असा तुकडा नाही. पापुद्र्यावाल्या काही पत्रावळ्या चुकून गेल्या होत्या, त्यांचं पान आणि पुठ्ठा दोन्ही गेलेत आणि पापुद्रा जसाच्या तसा, गोल, ताटाच्या आकाराचा. तो धुऊन देवळाच्या फळ्यावर टाचणीने लावलाय, खाली लिहिलंय: भंडाऱ्याची पत्रावळी, २ सप्टेंबर.

१५ डिसेंबर

खत तयार आहे का याची परीक्षा: एका कुंडीत निम्मं खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हीत वीस-वीस मूग. खताच्या कुंडीत १९ उगवले, मातीत १८, आणि खतातली रोपं जास्त हिरवी. कच्चं असतं तर मूग पिवळे पडले असते नाहीतर उगवलेच नसते. दुसरी परीक्षा, ओलं खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवलं होतं, उघडल्यावर आंबूस वास नाही.

वाटप: देवळाच्या आवारातल्या बेलाला आणि पांढऱ्या चाफ्याला, नदीकाठच्या नव्या बारा बेलाच्या रोपांना, आणि फुलवाल्या ताईंच्या झेंडूच्या वाफ्याला दहा पोती. तुळशीवृंदावनाला पिंजऱ्याच्या तळाचंच, वेगळ्या काढलेल्या दोन पोत्यांतलं, ते गुरवआजींनी स्वतःच्या हाताने घातलं.

गणपती-दसऱ्याचं निर्माल्य पिंजऱ्यात अर्धं कुजून तयार आहे, दुसरा हौद शिवरात्रीच्या भंडाऱ्याला भरायचा. विटा १६० कमी पडतायत. पत्रावळ्या झाल्या ६४०, अजून साडेचारशे, आणि ओढ्याकाठच्या पळसाची पानं आता कडेने पिवळी पडायला लागलीत, त्यामुळे उद्या सकाळी सहालाच निघायचंय.